घर कुटुंबाचे, जमीन गावाची



स्मृतिव्याख्यानांची प्रथा एका विश्वासावर उभी आहे. माणूस गेला तरी त्याने हाती घेतलेले काम पुढच्यांनी चालवायचे असते. आजच्या विषयालाही मी हीच कसोटी लावणार आहे. कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला स्वतःचे घर मिळवून देणाऱ्या धर्मादाय संस्था जगभर आहेत. त्यांच्या कामाचे मोजमाप आपण सहसा एकाच आकड्याने करतो: किती घरे दिली? किल्ली हातात पडते, कुटुंब उंबरा ओलांडते, देणगीदारांचे आभार मानले जातात आणि संस्था पुढच्या घराकडे वळते. या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. तरीही मी वेगळा प्रश्न विचारणार आहे. आज दिलेले घर पंचवीस वर्षांनी कोणाच्या उपयोगी पडेल? ते तेव्हाही मोलमजुरी करणाऱ्या, कारकुनी करणाऱ्या, रुग्णसेवा करणाऱ्या कुटुंबाला परवडेल, की बाजारभावाने एखाद्या सधन खरेदीदाराकडे गेलेले असेल? माझे म्हणणे असे की घर मिळवून देणे हे संस्थेचे अर्धे काम आहे. ते घर पिढ्यान्‌पिढ्या परवडणारे राखणे हे उरलेले अर्धे. आणि ते साधायचे असेल तर घराची मालकी कुटुंबाकडे व घराखालच्या जमिनीची मालकी समाजाच्या विश्वस्तांकडे ठेवणे हा आजवर सापडलेला सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

आधी साधा हिशेब मांडू. समजा, एका घराची बाजारातली किंमत दोन लाख डॉलर आहे आणि गरजू कुटुंबाला दीड लाखच परवडतात. संस्थेने देणगीतून आणि सरकारी निधीतून पन्नास हजारांची भर घातली आणि घर कुटुंबाच्या नावावर करून दिले. काही वर्षांनी कुटुंब दुसरीकडे जायला निघाले, तोवर किंमत दोन लाख साठ हजार झाली. कुटुंबाने त्या भावाने घर विकले. यात त्यांचा काही दोष नाही, कोणीही हेच केले असते. पण आता तेच घर दुसऱ्या गरजू कुटुंबाला दीड लाखात मिळवून द्यायचे तर संस्थेला एक लाख दहा हजार उभे करावे लागतील. पहिले पन्नास हजार एका कुटुंबाच्या खिशात गेले, आणि भाववाढीने पुढच्या कुटुंबासाठी लागणारी मदत दुपटीहून जास्त झाली. म्हणजे संस्था जितकी धावते तितके घर तिच्यापासून लांब जाते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचे तर हे बियाणेच दळून खाणे झाले. त्या वर्षी घरात भाकरी झाली, पण पुढच्या पेरणीला हात रिकामे. दानाची रक्कम वाढवून हा तिढा सुटत नाही, कारण तिढा रकमेत नसून दानाच्या रचनेत आहे.

हा धडा जगाला ज्या प्रयोगांतून मिळाला त्यांचा एक धागा महाराष्ट्राच्या मातीत आहे, हे आपल्याकडे फारसे कोणी सांगत नाही. रायगड जिल्ह्यातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा भावे १९५१ मध्ये तेलंगणातून पदयात्रा करत होते. १८ एप्रिलला पोचमपल्लीत दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली आणि गावातले जमीनदार रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. तिथून भूदान सुरू झाले. पुढे देशभरात चाळीस लाख एकरांहून अधिक जमिनीच्या दानपत्रांवर सह्या झाल्या. पण मिळालेली जमीन टिकवायची कशी, हा प्रश्न लवकरच उभा राहिला. बैल नाही, बियाणे नाही, भांडवल नाही, पाठीशी संस्था नाही. अशा भूमिहीनाच्या नावावर तुकडा झाला तरी तो त्याच्याकडे राहील याची हमी नव्हती. कितीतरी जमीन नापीक निघाली, कितीतरी वादात अडकली, वाटपच न झालेलीही खूप राहिली. म्हणून १९५२ मध्ये उत्तर प्रदेशातल्या मंगरोठपासून विनोबांचा भर ग्रामदानाकडे वळला. पुढे रूढ झालेल्या सुलभ ग्रामदानात जमिनीची मालकी गावाकडे जाते, विसावा हिस्सा भूमिहीनांना मिळतो आणि उरलेल्या जमिनीवर कसण्याचा व वारसांना देण्याचा हक्क कुटुंबाकडेच राहतो. गावाबाहेरच्या माणसाला मात्र ती विकता येत नाही. व्यक्तीला दान देण्यापासून दान राखणाऱ्या संस्थेकडे जाण्याचे हे पाऊल होते, आणि माझ्या सगळ्या युक्तिवादाचे मूळ त्यातच आहे.

हा विचार समुद्रापलीकडे गेला. अमेरिकेतले विकेंद्रीकरणवादी विचारवंत राल्फ बोर्सोदी भारतात काही काळ राहिले होते. त्यांचे सहकारी रॉबर्ट स्वान दुसऱ्या महायुद्धात युद्धसेवा नाकारणारे शांततावादी होते. या दोघांनी विनोबांचे काम बारकाईने अभ्यासले. त्याच काळात जॉर्जिया राज्याच्या नैर्ऋत्य भागात नागरी हक्क चळवळीचे कार्यकर्ते एका कठोर वास्तवाशी झगडत होते. मतदानासाठी नाव नोंदवणाऱ्या कृष्णवर्णीय शेतमजुराला जमीनमालक घराबाहेर काढत असे. पायाखालची जमीन दुसऱ्याची असेल तर हक्क कागदावरच राहतो, हे स्लेटर किंग आणि चार्ल्स शेरॉड या कार्यकर्त्यांना पुरते उमगले होते. १९६८ मध्ये स्वान यांच्यासह काही कार्यकर्ते इस्रायलला गेले आणि ज्यू राष्ट्रीय निधीच्या जमिनीवर दीर्घ भाडेपट्ट्याने वसलेली खेडी पाहून आले. ग्रामदानाचा विचार आणि इस्रायलमधला भाडेपट्टा यांचा मेळ घालून १९६९ मध्ये ‘न्यू कम्युनिटीज’ ही संस्था स्थापन झाली आणि तिने ली परगण्यात सुमारे ५,७०० एकर जमीन घेतली. त्या वेळी कृष्णवर्णीयांच्या मालकीचा अमेरिकेतला तो सर्वांत मोठा भूखंड होता. १९७२ मध्ये स्वान आणि सहकाऱ्यांनी या पद्धतीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली आणि ‘कम्युनिटी लँड ट्रस्ट’ हे नाव रूढ झाले. आपण त्याला सामुदायिक भूमिन्यास म्हणू.

ली परगण्याला लागूनच असलेल्या सम्टर परगण्यात अमेरिकस हे गाव आहे. तिथल्या ‘कोइनोनिया फार्म’ या ख्रिस्ती सामुदायिक शेतावर क्लॅरेन्स जॉर्डन आणि मिलर्ड फुलर यांनी गरिबांसाठी घरे बांधण्याची योजना आखली. ना नफा, ना व्याज आणि कुटुंबाने स्वतः बांधकामावर राबून दिलेला श्रमाचा वाटा, ही तिची त्रिसूत्री. तिच्यातूनच १९७६ मध्ये ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ जन्मली. स्थानिक शाखा, स्थानिक स्वयंसेवक आणि स्थानिक देणग्या यांवर चालणारी ही संस्था पुढे जगभर पसरली, आणि माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी हातात हातोडा घेतल्यावर घराघरात पोचली. एकाच प्रदेशातून, सात वर्षांच्या अंतराने, गरिबांच्या घराचे दोन विचार निघाले. एकाने विचारले, घर उभे कसे करायचे? दुसऱ्याने विचारले, जमीन हातची जाऊ कशी द्यायची नाही? बरीच वर्षे हे दोन विचार वेगळ्या वाटांनी चालले. मात्र शहरांतल्या जमिनींचे भाव चढत गेले तशा हॅबिटॅटच्या अनेक स्थानिक शाखांनी स्वतःहून भूमिन्यासाची पद्धत स्वीकारली. घरे बांधण्यात ज्यांचा हातखंडा होता, त्यांनाही घरे राखण्याची गरज जाणवावी, ही माझ्या म्हणण्याला मिळालेली मोठी साक्ष आहे.

न्यू कम्युनिटीजची जमीन १९८५ मध्ये गेली, हेही याच श्वासात सांगायला हवे. दुष्काळ पडला आणि संघराज्याच्या शेतकी कर्जखात्याने आणीबाणीचे कर्ज देण्यात भेदभाव केला. गोऱ्या शेतकऱ्यांना मिळणारी मदत या संस्थेला मिळाली नाही आणि कर्जापायी सगळी जमीन हातातून निसटली. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनी लढवलेल्या पिगफर्ड खटल्याच्या तडजोडीतून २००९ मध्ये संस्थेला सुमारे १ कोटी २० लाख डॉलरची भरपाई मिळाली. तिच्यातून तिने दुसरी जमीन घेतली, पण पहिली परत आली नाही. यातून दोन गोष्टी कळतात. न्यासाची जमीन गहाण टाकण्याची वेळ येऊ देता कामा नये. कर्ज काढायचे ते घरावर, जमिनीवर नव्हे. आणि संस्था कितीही ध्येयवादी असली तरी सार्वजनिक सत्तेचा आधार नसेल तर ती एकटी तग धरत नाही. पुढच्या प्रयोगांनी हे दोन्ही धडे गिरवले. त्यांतला सर्वांत अभ्यासला गेलेला प्रयोग व्हरमाँट राज्यातल्या बर्लिंग्टन शहराचा आहे.

बर्लिंग्टन हे शॅम्प्लेन सरोवराच्या काठी वसलेले, सुमारे चाळीस हजार वस्तीचे गाव. १९८१ मध्ये बर्नी सँडर्स अवघ्या १० मतांनी तिथले महापौर झाले. त्याच सुमारास वॉशिंग्टनने गृहनिर्माणाचा निधी आखडता घेतला होता, आणि सरोवराकाठच्या जमिनीवर बिल्डरांची नजर होती. शहरापुढे आणखी एक संकट होते. संघराज्याच्या मदतीने बांधलेल्या भाड्याच्या वसाहतींवरची बंधने ठराविक वर्षांनी संपणार होती. ३३६ घरांची नॉर्थगेट वसाहत अशीच बाजारात जाण्याच्या उंबरठ्यावर होती. १९८९ मध्ये मोठ्या खटाटोपाने ती रहिवाशांच्या आणि समाजाच्या हातात राखली गेली. मुदतीची बंधने संपतात तेव्हा एकदा खर्च केलेला सार्वजनिक पैसा पुन्हा खर्चावा लागतो, हे शहराने प्रत्यक्ष अनुभवले. त्याआधीच, १९८४ मध्ये, नगरपालिकेने दोन लाख डॉलरचे बीजभांडवल देऊन भूमिन्यास स्थापला. २००६ मध्ये तो भाड्याची घरे सांभाळणाऱ्या दुसऱ्या एका संस्थेत विलीन होऊन ‘शॅम्प्लेन हाउसिंग ट्रस्ट’ तयार झाला. आज त्याच्याकडे मालकीची सहाशेहून अधिक आणि भाड्याची दोन हजारांहून अधिक घरे आहेत. २००८ मध्ये त्याला जागतिक अधिवास पुरस्कार मिळाला.

त्याची रचना अशी आहे. कुटुंब बँकेचे कर्ज काढून घर विकत घेते आणि घराचे मालक होते. जमीन न्यासाची असते. ती कुटुंबाला दीर्घ मुदतीच्या, नूतनीकरण होणाऱ्या आणि वारसांकडे जाणाऱ्या पट्ट्याने मिळते. न्यासाला महिन्याकाठी नाममात्र रक्कम द्यायची. जमिनीची किंमत वगळली गेल्याने आणि अनुदान त्यातच मुरल्याने घर आवाक्यात येते. त्या बदल्यात कुटुंब एक अट मान्य करते. घर सोडताना ते न्यासाला किंवा न्यासाने ठरवलेल्या उत्पन्नगटातल्याच कुटुंबाला सूत्रानुसार विकायचे. बर्लिंग्टनचे सूत्र असे: स्वतः गुंतवलेले सगळे परत, फेडलेले मुद्दल परत, केलेल्या सुधारणांचे मूल्य परत, आणि भाववाढीतला पंचवीस टक्के वाटा. मघाचा हिशेब पुन्हा करू. दीड लाखाला घेतलेल्या घराचा बाजारभाव साठ हजारांनी वाढला तर कुटुंबाला पंधरा हजार जास्त मिळतात, आणि पुढचे कुटुंब ते घर एक लाख पासष्ट हजारांना घेते, बाजारात ते दोन लाख साठ हजारांचे असताना. नव्याने एक डॉलरही न घालता पन्नास हजारांचे मूळ अनुदान पंचाण्णव हजारांचे झाले. पहिल्या हिशेबात भाववाढ संस्थेची वैरीण होती, इथे ती संस्थेच्या बाजूने उभी राहते.

हे कागदावरचे गणित प्रत्यक्षात उतरते का? जॉन एमियस डेव्हिस हे स्वतः बर्लिंग्टनच्या गृहनिर्माण विभागात काम केलेले अभ्यासक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने १९८४ ते २००८ या काळात न्यासाच्या घरांच्या झालेल्या २०५ पुनर्विक्रींचा अभ्यास केला. पहिल्या विक्रीच्या वेळी घर ज्या उत्पन्नाच्या कुटुंबाला परवडत होते, साधारण तेवढ्याच किंवा किंचित कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला ते पुनर्विक्रीच्या वेळीही परवडले, असे त्यांना आढळले. घर सोडणाऱ्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश कुटुंबांनी पुढे खुल्या बाजारात स्वतःचे घर घेतले. त्याहून मोठी कसोटी २००८ च्या आर्थिक अरिष्टाने घेतली. २०१० च्या अखेरीस अमेरिकेतल्या नेहमीच्या गृहकर्जांपैकी ४.६३ टक्के कर्जे जप्तीच्या प्रक्रियेत होती. देशभरातल्या भूमिन्यासांच्या घरांत हे प्रमाण ०.४६ टक्के होते. गंभीर थकबाकीचे प्रमाण एकीकडे ८.५७ टक्के, तर दुसरीकडे १.३० टक्के. लक्षात घ्या, भूमिन्यासांचे कर्जदार सर्वसाधारण कर्जदारांपेक्षा कमी उत्पन्नाचे होते. कोणत्याही सावकाराने ज्यांना जास्त जोखमीचे ठरवले असते, तेच अधिक सुरक्षित निघाले.

याचे कारण त्या कुटुंबांच्या थोरपणात शोधण्याची गरज नाही, ते न्यासाच्या रोजच्या कामात आहे. घर घेण्याआधी न्यास कुटुंबाला कर्ज, हप्ता, विमा, दुरुस्ती यांची माहिती देतो आणि फसव्या कर्जापासून वाचवतो. हप्ता थकला तर बँकेने न्यासाला कळवायचे, ही तरतूद असते. मग न्यास हप्त्यांची फेरआखणी करून घेतो, तात्पुरती मदत करतो, आणि अगदीच जमले नाही तर जप्तीपूर्वी सन्मानाने विक्री घडवून आणतो. किल्ली दिल्यावर निघून जाणारी संस्था हे करू शकत नाही, कारण तिच्याकडे ना अधिकार उरतो ना कारण. जमिनीची मालकी हे केवळ भाव रोखण्याचे साधन नाही. कुटुंब अडचणीत असेल त्या दिवशी संस्थेने हजर असायला हवे, हे ती मालकी बंधनकारक करते.

आता आक्षेपांकडे वळतो. पहिला आणि सर्वांत गंभीर आक्षेप असा: ही दुय्यम दर्जाची मालकी आहे. श्रीमंताने घर विकले तर सगळा नफा त्याचा, गरिबाने विकले तर पाव हिस्सा. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती साठवू दिली गेली नाही त्यांनाच तुम्ही संयम शिकवता! अमेरिकेत या आक्षेपाला विशेष धार आहे, कारण १९३४ नंतर सरकारी हमीची गृहकर्जे कृष्णवर्णीय वस्त्यांना पद्धतशीरपणे नाकारली गेली. हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाही. पण तुलना कशाशी करायची ते आधी ठरवू. या कुटुंबापुढे पर्याय संपूर्ण मालकीचा नसतोच, तो असतो भाड्याच्या घराचा. भाडेकरूला मुद्दल परत मिळत नाही, भाववाढीतला काडीचाही वाटा मिळत नाही आणि घर केव्हा सोडावे लागेल याचा नेम नसतो. न्यासाच्या घरात स्थैर्य आहे, वारसाहक्क आहे, बचत आहे. मघा सांगितलेली दोन तृतीयांश कुटुंबे त्याच बचतीच्या बळावर पुढे गेली. दुसरे म्हणजे, किंमत जी वाढते ती मुख्यतः जमिनीची. विटा आणि लाकूड तर जुनेच होतात. जमिनीचा भाव शाळेने, रस्त्याने, रुग्णालयाने, शेजाऱ्यांच्या कष्टाने वाढतो, हे अमेरिकी अर्थचिंतक हेन्री जॉर्ज यांनी १८७९ मध्येच मांडले होते. मालकाने स्वतः जे केले त्याचे मोल सूत्र पूर्ण देते. जे सगळ्यांनी मिळून घडवले त्यातला मोठा भाग पुढच्या कुटुंबासाठी राखते. तरीही सधनांच्या घरांवरच्या करसवलती आणि त्यांची अनर्जित भाववाढ यांना हात न लावता फक्त गरिबांकडून त्याग मागणे अन्यायाचे आहे, हे मी मान्य करतो. त्यावरचा उपाय करव्यवस्थेत आहे, गरिबांसाठी जमवलेला निधी एकाच पिढीत संपवण्यात नाही. आणि हेही विसरू नये की हा मार्ग प्रथम निवडला तो जमीन गमावण्याचे दुःख पिढ्यान्‌पिढ्या भोगलेल्या कृष्णवर्णीय शेतकऱ्यांनीच. जमीन एकेकट्याच्या नावावर असेल तर ती एकेक करून जाते, हे त्यांना माहीत होते.

दुसरा आक्षेप असा की न्यास हाच उद्याचा जमीनदार होईल. भाडेपट्ट्याची धास्ती आपल्याकडे कोणाला नाही? नूतनीकरण, हस्तांतरण शुल्क, ना हरकत दाखला या फेऱ्यांत अडकलेल्या माणसाला जमीन आपली नसणे म्हणजे काय ते ठाऊक आहे. या शंकेचे उत्तर कारभाराच्या घटनेत द्यावे लागते, चांगुलपणाच्या आश्वासनात नाही. अभिजात भूमिन्यासात विश्वस्त मंडळाचे तीन समान भाग असतात. एक तृतीयांश जागा त्या जमिनीवर राहणाऱ्यांच्या, एक तृतीयांश आसपासच्या रहिवाशांच्या आणि एक तृतीयांश सार्वजनिक हित पाहणाऱ्या जाणकारांच्या. ज्याच्यावर नियम लागू होतात तो नियम करणाऱ्यांत बसतो, आणि पुनर्विक्रीचे सूत्र पहिल्या दिवशीच करारात लिहिलेले असते. जमीनदाराचा लोभ भाडे वाढवण्यात असतो. इथे भाडे नाममात्र आहे आणि वाढीव किंमत कोणाही विश्वस्ताच्या खिशात जात नाही. तरीही संस्था आळसावतात, कंपूच्या हाती जातात. म्हणून निवडणुका, लेखापरीक्षण आणि सर्वसाधारण सभा यांचा आग्रह धरावाच लागेल. कोणतीही रचना जागरूकतेची गरज संपवत नाही, ती फक्त जागरूकतेला वाव देते.

तिसरा आक्षेप संख्येचा. चार दशकांत मालकीची सहाशे घरे, यातून गृहनिर्माणाचा प्रश्न सुटतो का? सुटत नाही, आणि सुटतो असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण संख्या मोजण्याची पद्धतही तपासली पाहिजे. न्यासाचे एक घर तीन कुटुंबांनी एकामागून एक वापरले तर एका अनुदानात तीन कुटुंबांना मालकी मिळाली. नेहमीच्या पद्धतीत तीन अनुदाने लागली असती, आणि तीही चढत्या रकमेची. शिवाय ही संख्या धर्मादाय संस्था एकटी वाढवू शकत नाही. बर्लिंग्टनचे काम वाढले कारण १९८७ मध्ये व्हरमाँट राज्याने गृहनिर्माण आणि निसर्गसंवर्धन यांसाठी एकत्र मंडळ नेमले आणि ज्या घरांना मदत द्यायची ती कायम परवडणारीच राहिली पाहिजेत असे धोरण धरले. १९९० मध्ये नगरपालिकेने मोठ्या खासगी प्रकल्पांत काही घरे परवडणाऱ्या दरात देण्याचा नियम केला. बोस्टनमध्ये १९८८ मध्ये डडली स्ट्रीट परिसरातल्या रहिवाशांच्या संघटनेला ओसाड भूखंड सक्तीने संपादन करण्याचा अधिकारच शहराने दिला. सरकारने जमीन आणि पैसा द्यावा, स्थानिक संस्थेने तो राखावा, ही वाटणी आहे. सरकार बदलते, धोरण बदलते, मुदती संपतात. राखणदाराने बदलायचे नसते. म्हणूनच राखणदार सरकारबाहेरचा आणि लोकांमधला हवा.

शेवटचा आक्षेप आपल्या अंगणातला: हे अमेरिकेत ठीक, इथे काय? मला वाटते, या बाबतीत आपण परके नाही. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली आणि सहकारी घराची कल्पना या राज्यात रुजली. आपल्या सहकार कायद्यात आजही भाडेकरू सहभागीदारी आणि भाडेकरू मालकी असे संस्थांचे प्रकार आहेत. पहिल्यात जमीन आणि इमारत दोन्ही संस्थेची, दुसऱ्यात जमीन संस्थेची आणि त्यावरचे घर सभासदाचे. म्हणजे घर आणि जमीन यांची मालकी वेगळी असू शकते, हे आपल्या कायद्याला आणि लोकांना परिचयाचे आहे. नाही ते पुनर्विक्रीचे सूत्र, आणि आजच्या सभासदांपलीकडे उद्याच्या गरजूंच्या वतीने बोलणारे विश्वस्त. उलट झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत आपण फक्त बंदी घातली. मूळ नियमात पुनर्वसनाचे घर दहा वर्षे विकता येत नव्हते. तरी कुलमुखत्यारपत्रांवर आणि साध्या करारांवर घरे हातोहात गेली. त्याबद्दल घर विकणाऱ्या कुटुंबाला दोष देणे सोपे आहे. पण आजारपण, लग्न, कर्ज, गावाकडची निकड यांसाठी त्याला घर सोडायचे असेल तर ते रास्त किमतीला घेणारी आणि पुढच्या गरजूला देणारी संस्थाच नव्हती. बाहेर पडण्याचा सरळ रस्ता नसला की माणूस आडवाट धरतो. आणि दहा वर्षे कशीबशी पाळली तरी अकराव्या वर्षी घर बाजारातच जाणार. मुदतीची बंदी आणि कायमची राखण यांतला फरक नॉर्थगेटने शिकवला, तोच इथेही आहे.

भूदान फसले, मग त्याच्या वारशाचे गोडवे कशाला, असेही कोणी विचारील. ग्रामदानाची घोषणा झालेल्या गावांची संख्या लाखावर सांगितली गेली आणि कायद्याच्या कसोटीला उतरली ती फार थोडी, हे खरे आहे. घोषणेमागे राबणारी स्थानिक संस्था जिथे नव्हती तिथे कागद कागदच राहिला. जिथे ती होती तिथले चित्र वेगळे आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने आधी ग्रामसभा घडवली, सर्वसहमतीने निर्णय घेण्याची सवय लावून घेतली, २००९ मध्ये जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि मग २०१३ मध्ये १९६४ च्या महाराष्ट्र ग्रामदान अधिनियमाखाली आपली शेतजमीनही ग्रामदान केली. क्रम पाहा: आधी संस्था, मग जमीन. बर्लिंग्टन आणि मेंढा यांच्यात भाषा, उत्पन्न, हवामान, कशाचेच साम्य नाही. तरीही जमीन राखायला रोज राबणारे लोकांचे मंडळ लागते, हा निष्कर्ष दोन्हीकडे एकच निघतो.

म्हणून घरासाठी दान देणाऱ्यांना, संस्था चालवणाऱ्यांना आणि सार्वजनिक जमीन वाटपाचा अधिकार हाती असलेल्यांना माझी विनंती आहे. ‘किती घरे दिली?’ या प्रश्नाच्या शेजारी आणखी तीन प्रश्न प्रत्येक वार्षिक अहवालात छापा. दिलेल्या घरांपैकी किती अजून गरजू कुटुंबांकडेच आहेत? घर सोडणाऱ्या कुटुंबाला जाताना रास्त रक्कम मिळाली का? आणि अडचणीत आलेल्या कुटुंबाकडे संस्था वेळेवर पोचली का? हे तीन प्रश्न विचारायला लागलो की जमीन कोणाच्या नावावर ठेवायची याचे उत्तर टाळता येणार नाही. नगरपालिका गरिबांच्या घरांसाठी भूखंड देईल तेव्हा तो कायमचा विकून न टाकता रहिवासी, शेजारी आणि जाणकार यांच्या न्यासाकडे सोपवावा, पुनर्विक्रीचे सूत्र त्याच दिवशी नोंदवावे आणि न्यासाच्या रोजच्या कामासाठी खर्चाची तरतूद करावी. यात स्वप्नरंजन नाही. दुसऱ्या देशातल्या एका लहान शहराने हे चाळीस वर्षे करून दाखवले आहे, आणि त्यामागचा विचार ज्यांच्याकडून तिथे गेला त्यांची भाषा आपली आहे. ज्या कुटुंबाला आज घर मिळते त्याचा आनंद आपण पाहतोच; ज्याला ते वीस वर्षांनी लागणार आहे त्याच्या वतीने आज बोलणारा कोणी असला पाहिजे, आणि धर्मादाय संस्थेचे खरे पद तेच आहे.